कांबळ्यांच्या रांगेत वहिनीसाहेब

वडील गेले त्याच्या चौदाव्या दिवशी आम्हाला देवळातून काढलं.

धारमधल्या त्या देवळाचं नाव मी घेणार नाही. मराठी मंडळींचं दत्ताचं देऊळ, एवढं पुरे. माझे पणजोबा संस्थानच्या काळात तिथं चौघडा वाजवत, मग आजोबा, मग वडील. वडिलांच्या वेळी चौघडा जवळजवळ बंदच पडला होता. ते पहाटे देऊळ झाडत, समया घासत, उत्सवाला सनई वाजवत, आणि त्याबद्दल देवळामागच्या एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ते गेले. मी आठवीत होते. सहामाही परीक्षा चालू होती.

खोली सोडा हे सांगायला ट्रस्टचे अध्यक्ष स्वतः आले नाहीत. त्यांची बायको आली. तिला सगळे वहिनीसाहेब म्हणत. तेव्हा तिशीची असेल. कडेवर वर्षाचा मुलगा, अंगावर महेश्वरी साडी. उजव्या डोळ्याची पापणी जन्मापासूनच अर्धी मिटलेली होती.

आई म्हणाली, "वहिनीसाहेब, पोरीचे दोन पेपर राहिलेत. तेवढे होऊ द्या."

"पेपर कसले घेऊन बसलात," ती म्हणाली, "खरी परीक्षा तर देव घेतोय तुमची." आणि आपल्याच बोलण्यावर जराशी हसली.

मग तिनं मुलाला ओटल्यावर बसवलं आणि आत आली. आईनं सकाळी हरभऱ्याची डाळ भिजत घातली होती. ते पातेलं तिनं स्वतः उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं, हळूच, पाणी सांडू न देता. त्यानंतर आमचं सामान तिच्या गड्यानं काढलं. पण पातेलं तिनं काढलं, हे मी पाहिलं आहे.

आम्ही बस स्टँडवर गेलो. एक ट्रंक, दोन बोचकी आणि ते पातेलं. उरलेले दोन पेपर मी बस स्टँडवरून जाऊन दिले. आमच्या समाजातले लोक इंदूरच्या बसला यायचे, आम्हाला बघायचे आणि उगाच पाटीवरच्या वेळा वाचत उभे राहायचे. सातव्या दिवशी गुरुद्वाऱ्यातली एक म्हातारी बाई तिच्या लेकाला बसवून द्यायला आली होती. ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बेटी, कितने दिन से बैठी है?"

मी बोटं दाखवली.

"उठ. सामान उठा. बाबाजी के घर में बहुत जगह है।"

चार महिने आम्ही तिथं राहिलो. आई लंगरच्या पोळ्या लाटायची. कुणी आम्हाला जात विचारली नाही आणि कधी जाणार हेही विचारलं नाही. पुढं देवासला एका शाळेत झाडलोटीला बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा त्याच म्हातारीनं आईसाठी शब्द टाकला. त्या नोकरीवर आईनं मला शिकवलं. मी मास्तरीण झाले, देवासलाच छत्तीस वर्षं हिंदी शाळेत शिकवलं, आणि रिटायर झाले.

आईनं मला पुष्कळ काही शिकवलं, पण माफ करायला शिकवलं नाही. दत्ताची पोथी वाचून झाली की ती हात जोडायची आणि रोज म्हणायची, "देवा, तिला माझ्याआधी नेऊ नकोस. तिचं झालेलं मला पाहायचंय." ते न पाहताच आई गेली. मी मात्र ते मागणं चालू ठेवलं. पोथी सोडली, मागणं सोडलं नाही.

देवासमध्ये आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. गुरुवारी भजन झालं की आम्ही खिचडीचा प्रसाद घेऊन देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी जात असू. तिथं, बस स्टँडवर आणि स्टेशनबाहेर मिळून बरेच लोक उघड्यावर राहतात. कुणी घरातून निघालेला, कुणाला घरातून काढलेलं, कुणाला घर कुठं हेच आठवत नाही. एकदा एका माणसानं द्रोण हातात घेतला आणि म्हणाला, "माताजी, खाना तो इस शहर में मिल जाता है। नहाने का कुछ करो।"

त्याचं खरं होतं. मला बस स्टँडवरचे सात दिवस आठवले. भूक आठवत नव्हती. स्वतःच्या अंगाचा वास आठवत होता, आणि त्या अंगानं परीक्षेच्या बाकावर बसणं आठवत होतं.

म्हणून आम्ही रविवारची आंघोळ सुरू केली. मंडळाच्या देवळामागं अंगण आहे. तिथं पत्रे ठोकून दोन न्हाणीघरं केली, एक बायकांचं, एक पुरुषांचं. भट्टीवर मोठं पातेलं चढवायचं. मशिदीच्या गल्लीतले एक म्हातारे न्हावी, आमच्याकडे खलीफा म्हणतात, ते दाढी-केस करायला येऊ लागले. मिशनच्या दवाखान्यातली एक केरळची सिस्टर जखमा धुवायला यायची. दहाच्या सुमाराला गुरुद्वाऱ्यातून दाळ-रोटी यायची. देवळाच्या दोन विश्वस्तांनी कुरकुर केली, की कुणाकुणाची घाण देवाच्या अंगणात. मी त्यांना सगळ्या मंडळींसमोर म्हटलं, "तुमची घाण कुठं जाते ते सांगा, तिथं हलवू." न्हाणीघरं तिथंच राहिली. मला तेव्हाही बरं वाटलं होतं. देवळांच्या विश्वस्तांना बोलायची संधी मी शोधतच असते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्र संपल्यानंतरचा रविवार होता. नवरात्रात टेकडीवर लाखभर माणूस चढतं-उतरतं, आणि दर वर्षी गर्दी ओसरली की खाली दोन-चार म्हातारी माणसं उरतात. काही खरंच चुकलेली असतात. काहींना मुद्दाम सोडलेलं असतं. त्या दिवशी सिस्टरनं एका म्हातारीला हाताला धरून आणलं. बारीक, वाकलेली, केसांचा गुंता झालेला, साडी ओली होऊन वाळलेली. बायकांच्या न्हाणीत पाणी घालायचं काम माझं. मी पहिला तांब्या तिच्या पायावर ओतला.

"कडत आहे गं," ती म्हणाली, "विसण घाल थोडं."

माझा हात थांबला. आमच्याकडे आता मुलं मराठीसुद्धा धड बोलत नाहीत. कडत पाण्यात घालायच्या गार पाण्याला विसण म्हणतात हे माझ्या स्वतःच्या सुनेला ठाऊक नाही. हा शब्द मी आईनंतर ऐकला नव्हता.

"कुठल्या तुम्ही?"

"धारच्या."

तोवर मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. उजवी पापणी अर्धी मिटलेली.

मला काय वाटलं ते खोटं लिहीत नाही. आनंद झाला. पोटातून वर येणारा आनंद. हातात कडत पाण्याचा तांब्या होता आणि समोर ती उघडी बसली होती. पत्र्याच्या पलीकडे सिस्टर कुणाचा तरी पाय धूत मल्याळीत गुणगुणत होती. तिचा आवाज नसता तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही. मी तांब्या ओतला. विसण घातलं नाही. भाजेल इतकं ते पाणी नव्हतं, पण सुखाचंही नव्हतं. तिनं दोन्ही खांदे आवळून घेतले, आणि पुन्हा मागितलं नाही.

अंग पुसताना मी म्हटलं, "वहिनीसाहेब, ओळखलंत का? मी चौघडेवाल्याची मुलगी."

"कोण चौघडेवाला?"

"देवळामागच्या खोलीतला. माझ्या आईला तुम्ही सांगितलं होतं, खरी परीक्षा देव घेतो म्हणून."

तिनं मान हलवली. "नाही बाई. खूप माणसं होती तेव्हा. आठवत नाही."

माझी पन्नास वर्षं तिला आठवत नव्हती. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही.

सिस्टरनं तिला मिशनच्या दवाखान्यामागच्या खोलीत ठेवलं. तिथं म्हाताऱ्या बायकांसाठी चार खाटा आहेत. हळूहळू तिच्याकडून कळलं ते असं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घर मुलाच्या नावावर झालं होतं. नवरात्रात मुलगा म्हणाला, चल आई, देवीला नेतो. देवासला आणलं, टेकडीखाली एका झाडाशी बसवलं, "इथंच बस, गाडी लावून येतो," म्हणाला. ती तीन दिवस त्याच झाडाशी बसून होती.

"गर्दीत चुकामूक झाली असेल," ती म्हणायची. "शोधत असेल बिचारा."

धारच्या एका ओळखीच्या मास्तरांकडून मी मुलाचा नंबर मिळवला. तोच आता त्या देवळाचा अध्यक्ष होता. फोन लावला.

"तुमच्या मातोश्री देवासला आहेत," मी म्हटलं.

"माझी आई ऋषिकेशला आश्रमात आहे. आप कौन बोल रही हैं?"

"टेकडीखाली बसवून गेलात, तिथल्या शेजारची बोलतेय."

"रॉंग नंबर," तो म्हणाला, आणि नंतर त्याला माझा फोन कधी लागला नाही.

सिस्टरनं सुचवलं, पोलिसात जाऊ. म्हातारीनं ते ऐकलं आणि खाटेवरून उठून बसली. "माझ्या लेकाचं नाव चौकीत घेतलंत तर मी अन्न सोडीन." आणि तिनं खरंच दोन दिवस सोडलं. मग सिस्टर म्हणाली, "दीदी, बेटी भी तो होगी कोई?" मुलगी होती. धरमपुरीला दिलेली. म्हातारीला तिचा नंबर पाठ नव्हता.

इथं मला एक कबूल करायचं आहे. धरमपुरी काही मुंबई नाही. नर्मदेकाठचं लहान गाव, तिथं मराठी घरं बोटावर मोजण्याइतकी. मी एक दिवस बसनं गेले असते तरी मुलगी सापडली असती. मी सिस्टरला सांगितलं, "चौकशी करते." आणि केली नाही. मुलीकडे म्हातारी सुखानं गेली असती, मुलगा धारमध्ये आरती ओवाळत राहिला असता, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. मला ती मिटायला नको होती.

मार्गशीर्षात माझ्या मोबाईलवर एक रंगीत पत्रक आलं. धारच्या त्या देवळाचं. दत्तजयंतीनिमित्त निराश्रितांना कांबळी वाटणार, दुपारी चारला, अध्यक्षांच्या हस्ते. अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो देवाच्या फोटोएवढाच मोठा होता. मी ते पत्रक दिवसभर उघडून बघत होते.

रविवारी अंगणात मी खलीफांना ते दाखवलं आणि हा कुणाचा मुलगा तेही सांगितलं. त्यांनी वस्तरा पुसला, चष्मा लावून नीट वाचलं. मला म्हणाले, "आपा, ले जाओ। सामने की लाइन में बैठाना। पीछे बैठाओगी तो कोई मुनीम दे जाएगा, ये नहीं आएगा।"

सिस्टरला मी पूर्ण सांगितलं नाही. म्हटलं, म्हातारीला तिच्या देवळात दत्तजयंतीला नेते, तिची फार इच्छा आहे. तेही खोटं नव्हतं. ती रोज विचारायची, पौर्णिमा कधी आहे. सिस्टरनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "सिर्फ दर्शन ना, दीदी?"

"हो, दर्शन."

इंदूरला बस बदलून आम्ही तीनला धारला पोचलो. वहिनीसाहेबांच्या अंगावर मिशननं दिलेली पांढरी साडी होती. देवळाच्या गल्लीत वळलो तशी ती ताठ झाली, पदर नीट केला. दारात मांडव घातलेला, बाहेर सतरंजीवर चाळीसेक माणसं बसवलेली. बस स्टँडवरची, किल्ल्याजवळची, दोन कुष्ठरोगी, एक बाई लेकरासकट. एका कार्यकर्त्यानं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि हातानं रांग दाखवली. "अम्मा, इधर बैठो, पहले कंबल ले लो।"

"आम्ही दर्शनाला आलोय," वहिनीसाहेब म्हणाल्या.

मी म्हटलं, "बसा थोडं. गर्दी आहे. मग आत जाऊ." आणि तिला पहिल्या ओळीत बसवलं. मी तिच्या शेजारी बसले, डोक्यावरून पदर घेतला. तिला काही कळत नव्हतं. तिच्याच देवळाच्या दारात, जिथून तिनं आम्हाला बाहेर काढलं होतं, तिथं ती हात पसरणाऱ्यांच्या रांगेत बसली होती. आई, बघ गं, असं मी मनात म्हणत होते.

तो आला. पन्नाशीचा, गोरा, अंगात जाकीट, कपाळाला गंध. मागं कांबळ्यांचा ढीग घेतलेले दोघं आणि पुढं उलटा चालणारा फोटोवाला. तो प्रत्येकापुढं वाकायचा, कांबळं पुढं करायचा आणि कॅमेऱ्याकडे बघून थांबायचा. घेणाऱ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. मला हे अपेक्षितच नव्हतं. मला वाटलं होतं, दुरूनच ओळखेल.

तिच्यापुढं आला. वाकला. कांबळं धरलं. फोटोवाला म्हणाला, "भिया, थोड़ा ऊपर। अम्मा, इधर देखो।" म्हातारीनं वर पाहिलं. फोटो निघाला. अजून त्यानं पाहिलं नव्हतं.

"मफलर नाही का रे घातलास?" ती म्हणाली. "घसा धरेल तुझा."

तेव्हा त्यानं पाहिलं. त्याच्या तोंडाचा रंग कसा गेला ते मी अगदी जवळून पाहिलं, दोन हातांवरून. कांबळं त्याच्या हातात तसंच होतं. मागचा एक विश्वस्त म्हणाला, "क्या हुआ भिया? रुक क्यों गए?"

मी तोंड उघडलं. सगळं पाठ करून आले होते. ही या माणसाची आई आहे, यानं हिला देवासला टेकडीखाली टाकली, असं मी मोठ्यानं हिंदीत सांगणार होते, सगळ्या गल्लीला कळावं म्हणून. तेवढ्यात माझ्या मनगटात नखं रुतली. वहिनीसाहेबांनी माझा हात धरला होता. तिच्यात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं.

तिनं दुसऱ्या हातानं कांबळं ओढून घेतलं, ते डोक्यावर घेतलं, आणि जन्मभर आमच्याशी शुद्ध मराठीत बोललेली ती बाई हिंदीत म्हणाली, "जीते रहो साहब। भगवान भला करे। आगे चलो।"

आणि तो पुढं गेला! त्याच्या आईनं त्याला सुटायची वाट करून दिली आणि तो निघून गेला. पुढचं कांबळं माझं. मी हळूच म्हटलं, "मी चौघडेवाल्याची मुलगी. ही तुझी आई. तुला माहीत आहे." त्यानं उरलेली सगळी कांबळी वाटली. कॅमेऱ्याकडे पाहायला मात्र विसरला.

मी रागानं पेटले होते. मला वाटलं, सगळं वाया गेलं. म्हातारीनं माझ्या हातातून घास काढून घेतला. मी तिला म्हटलं, "त्यानं तुम्हाला टाकलं आणि तुम्ही त्याला वाचवता?"

"आत चल," ती म्हणाली. "पाळण्याची वेळ झाली."

आत सभामंडपात आम्ही खांबाशी बसलो. पाळणा सजवला होता. बायका जमत होत्या. ती कांबळं डोक्यावर घेऊनच बसली होती. आणि त्याच वेळी बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. फोटोवाल्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यानं नेहमीप्रमाणे सगळे फोटो देवळाच्या ग्रुपवर टाकले. त्या ग्रुपवर धारची सगळी जुनी मराठी घरं आहेत, पुण्याला गेलेली, बडोद्याला गेलेली, आणि धरमपुरीला दिलेली त्याची बहीणसुद्धा. त्यातला सगळ्यात चांगला फोटो हा होता. अध्यक्ष कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत, आणि समोर एक निराधार म्हातारी. पापणी स्वच्छ दिसत होती.

पहिल्यांदा एक लठ्ठशी बाई आमच्याजवळ आली. मोबाईल हातात. फोटोकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं, खाली बसली. "वहिनीसाहेब? अहो, तुम्ही ऋषिकेशला ना?" मग दुसरी आली. मग पुजारी उठून आले. पाळण्याची दोरी धरायला अध्यक्षांना हाक मारली तर ते मांडवात नव्हते. घरी गेले, कुणीतरी म्हणालं, बरं वाटत नाही. आता लोक मला विचारू लागले आणि आता मी सांगितलं. झाड, टेकडी, तीन दिवस, रॉंग नंबर. काही गाळलं नाही. वहिनीसाहेबांनी मान खाली घातली होती. त्यांनी मला थांबवलं नाही, कारण आता थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगत असताना मला इतकं हलकं वाटत होतं की बस.

आम्ही रात्रीच्या बसनं देवासला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आणि जावई धरमपुरीहून थेट देवासला, मिशनच्या दवाखान्यात आले. मुलगी आईच्या मांडीत तोंड घालून रडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, मला का नाही शोधलंत? दादा म्हणाला म्हणून मी ऋषिकेशच्या आश्रमांत फोन करत होते, दोन महिने." सिस्टर दारात उभी होती. तिनंही ते ऐकलं.

निघताना वहिनीसाहेबांनी मला खाटेशी बोलावलं. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं.

"तुझी आई पोळ्या छान लाटायची," ती म्हणाली.

मी तिची पिशवी भरत राहिले.

"मला पहिल्याच दिवशी आठवलं होतं. न्हाणीत. सगळं आठवलं, पातेल्यासकट. सांगितलं असतं तर तू मला पुन्हा रस्त्यावर सोडलं असतंस. म्हणून आठवत नाही म्हटलं."

"माफी मागताय?"

"नाही," ती म्हणाली. "मागून तू देणार नाहीस. तुझ्या आईचं मी वाईट केलं. माझ्या लेकाचं तू केलंस. झालं."

"झालं नाही," मी म्हटलं. "तुमच्या लेकाचं तुमच्या लेकानं केलंय. माझ्या आईनं काय केलं होतं?"

तिनं दाराकडे बघून जावयाला हाक मारली. जावयानं तिला उचलून गाडीत बसवलं. मी हात हलवला नाही.

मुलानं आधी असं पसरवलं की आईच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि देवासच्या एका बाईनं तिला पळवून नेलं होतं. माझ्याकडे एक हवालदार चौकशीला आला. त्याला मी चहा-पोहे दिले आणि बहिणीचा नंबर दिला. बहिणीनं चौकीत जाऊन भावाविरुद्ध जबाब दिला. अध्यक्षपद महिन्याभरात गेलं. त्याच्या मुलाचं लग्न ठरलेलं, मुलीकडच्यांनी ते मोडलं, म्हणाले, ज्या घरात आजीला टाकतात तिथं पोरगी कशी द्यावी. ही बातमी मला कळली त्या सकाळी मी पाव किलो गरम जिलबी आणली आणि एकटीनं बसून खाल्ली. त्या मुलाचा, नातवाचा, यात काही दोष नव्हता. ते मला जिलबी खातानाही माहीत होतं. तरी खाल्ली.

वहिनीसाहेब पुढच्या उन्हाळ्यात धरमपुरीला वारल्या. मुलीनं फोन केला. म्हणाली, शेवटी दोन-तीनदा तुमचं विचारलं होतं, तेराव्याला या. मी गेले नाही. तो रविवार होता आणि अंगणात तीस माणसं आंघोळीला आली होती, हे खरं कारण नव्हतं. रविवार नसता तरी मी गेले नसते.

सिस्टर माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. यायची, जखमा धुवायची, जायची. एकदा कामात असताना ती वर न बघता म्हणाली, "दीदी, उन दो महीनों में वो बेटी के घर सो सकती थी। यहाँ खाट पर सोई। आपके लिए।" मी म्हटलं, "हो." तिला आणखी काही ऐकायचं होतं, पण माझ्याकडे तेवढंच होतं.

रविवारची आंघोळ चालू आहे. या नवरात्रानंतरही चार म्हातारी माणसं उरली. आता आमच्याकडे एक नियम झाला आहे, खलीफा, सिस्टर आणि गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी यांनी मिळून केलेला. माणूस आला की आधी त्याला नाती विचारायची, आणि त्याच दिवशी मुलगी, बहीण, पुतण्या, जो कुणी प्रेमानं हाक मारील त्याला शोधायचं. हे फोन सिस्टर करते. मला करू देत नाहीत. मी न्हाणीत पाणी घालते.